पाचवा लाल थर

“पाचव्या लाल थरापाशी,” कांबळी म्हणाला. “तू वरून उतर, मी खालून चढतो.”

“आणि मी नाही आले तर?”

“तर मी काय समजायचं ते समजेन. त्रिशला, भांडू नको ना. एकदा नीट बोलू दे मला.”

आम्ही भूशास्त्र विभागाच्या मागच्या जिन्यावर बसलो होतो. बुधवार होता, संक्रांत होऊन जेमतेम आठवडा झाला होता. साल ब्याऐंशी. अच्युत कांबळीला आसामात तेल शोधण्याची नोकरी लागली होती आणि मंगळवारी तो कोल्हापूर सोडणार होता. दोन-चार दिवस मालवणला आईकडे, मग सरळ आसाम.

“तू आलीस,” तो म्हणाला, “तर मी मंगळवारी जात नाही. आधी तुझ्या अण्णांच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. मारलं तर मार खातो. नोकरी महिनाभर थांबेल, मी लिहून विचारलंय. आणि नाही आलीस तर तुला एका शब्दाने विचारणार नाही. का नाही, कशासाठी नाही, काही नाही. कुणापुढे तुझं नाव काढणार नाही.”

“तोंडावर ‘नाही’ म्हणायला मी कुणाला भिते की काय?”

“तू नाही भीत. मी भितो ऐकायला.”

माझ्या नाकावर राग कायम बसलेला, पण हा माणूस असं काहीतरी बोलायचा आणि रागाला बसायला जागाच राहायची नाही. मी जयसिंगपूरच्या जैन घरातली. आमच्याकडे कांदासुद्धा चोरासारखा घरात शिरायचा. आणि हा मालवणचा भंडारी, सोमवारचा उपास बांगड्याच्या आठवणीत काढणारा. पण दोन वर्षं आम्ही एकत्र डोंगर तुडवत होतो आणि दिवस मावळायच्या आत मला जेवायचं असतं म्हणून त्याने एकदाही पाचनंतर काम लांबवलं नव्हतं. हातोडा पिशवीत टाकायचा आणि म्हणायचा, “चला शेडबाळे, सूर्य तुमच्या ताटात पडायच्या आत.”

घाटातच भेटायचं असं काही आम्ही प्रेमात येऊन ठरवलं नव्हतं. आमच्या बिवलकर सरांचा हुकूमच होता. कोंडसर घाटाच्या कड्यातले थर तळापासून माथ्यापर्यंत मोजून उतरवायचे, हे आम्हा दोघांचं मिळून काम होतं आणि ते कांबळी जायच्या आत पुरं व्हायला हवं होतं. एकेकट्याला चार दिवस लागले असते. म्हणून अर्धा कडा त्याने खालून मोजायचा, अर्धा मी वरून. मध्ये एका थरापाशी दोन्ही मोजण्या जुळवायच्या.

थर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपला सह्याद्री म्हणजे एकावर एक ओतलेला लाव्हा. एकदा ओतला, थंड झाला, काळा दगड झाला. मग कितीतरी काळ काहीच नाही. त्या दगडाची वरून माती होते, तिच्यात झाडंझुडपं येतात. मग पुन्हा लाव्हा येतो आणि ती माती भाजून वीटकरी होते. कड्याकडे लांबून पाहिलं की काळ्याच्या मध्ये लाल पट्टी, पुन्हा काळं, पुन्हा लाल. बिवलकर सर पहिल्याच दिवशी आम्हाला कड्यासमोर उभं करून म्हणाले होते, “जाडी बघून काळ मोजू नका. हा चाळीस मीटरचा काळा दगड दोन-चार वर्षांत ओतून मोकळा झाला असेल. त्याच्यावरचा तो हातभर लाल पट्टा, त्याला हजारो वर्षं लागलीत. काळ तिथे आहे. आपल्याला त्याचे भाग पाडायचेत.”

भाग पाडायचे म्हणजे खालून नंबर घालायचे. खालचा थर आधीचा, म्हणून तो एक. आम्ही समोरच्या डोंगरावर बसून दुर्बिणीने लाल पट्टे मोजले होते, दोघांनी वेगवेगळे, आणि दोघांचेही आठ भरले होते. आठातला खालून पाचवा म्हणजे वरून चौथा. पहिलीतल्या पोराचं गणित.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अमक्या वडाखाली भेटू, तमक्या पाण्याच्या टाक्यापाशी भेटू. वाटेवर दोन्ही होतं. पण आम्ही शिकलेसवरलेले ना.

“पाचव्या लाल थरापाशी,” मी म्हटलं. “दिवस मावळेपर्यंत.”

गुरुवारी आमचा बाहुबलीदादा कोल्हापूरला आला. माझा थोरला भाऊ. शुक्रवारी माझ्या होस्टेलच्या व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, “त्या कांबळीला भेटून आलो. भला माणूस आहे. आवाजही चढवला नाही मी. एवढंच सांगितलं, की आमच्या अण्णांना मागच्या साली झटका येऊन गेलाय. पुढचं तुम्ही शहाणे आहात.”

“मग तो काय म्हणाला?”

“काही नाही. मान खाली घालून ऐकत होता. समजूतदार वाटला.”

मी दादाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो गेल्यावर कांबळीला गाठायला धावले, तर तो कॉलेजात नव्हता, खोलीवरही नव्हता. शनिवारी पहाटेच्या गाडीने तो कोंडसरला, घाटाच्या पायथ्याशी गेला. मुक्काम तिथल्या शाळेत.

रविवारी मी पहिल्या एस.टी.ने घाटमाथ्यावरच्या पाथरे गावात उतरले. पाठपिशवीत टेप, हातोडा, वही, आणि दोघांना पुरेल एवढा डबा होता. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट पिठलं. मी ‘हो’ म्हणायलाच निघाले होते. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. त्याने जिन्यावर विचारलं तेव्हाच माझं ‘हो’ होतं, फक्त सांगायला घाट उतरावा लागणार होता.

पहिला लाल थर, दुसरा, तिसरा. प्रत्येक ठिकाणी थांबून जाडी मोजली, वहीत उतरवली. चौथ्यापाशी पोहोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वाट तिथे कड्याला बिलगून वळते आणि खालचं काही दिसत नाही. मी थराची जाडी घेतली, नव्वद सेंटिमीटर भरली. मग एका दगडावर बसले आणि केस नीट केले. हसू नका, तेवीस वर्षांची होते.

दोन वाजले. तीन वाजले. वाटलं, खालची चढण अवघड आहे, वेळ लागतोय. साडेतीनला वाटलं, पाय मुरगळला असेल. चारला मला दादा आठवला, व्हरांड्यातला. ‘समजूतदार वाटला.’ आणि मग डोक्यात जे शिरलं ते निघेना. मान खाली घालून ऐकत होता म्हणे. ऐकलंच शेवटी.

दोन वळणं खाली जाऊन बघावं असं वाटलं. उठलेही. मग म्हटलं, मी का? मी माझ्या थरापर्यंत आले, त्याने त्याच्या यायचं. जो माणूस एवढं चढू शकत नाही तो अण्णांच्या पुढ्यात काय उभा राहणार? खाली बसले आणि रडू आलं. नेमकी तेव्हाच खालून एक गवळीधनगराची बाई दोन म्हशी घेऊन वर आली. मला बघून थांबली.

“कुनाची वाट बगतीस गं बाई?”

“कुणाची नाही. दगड मोजतेय.”

“न्हाई, म्हनलं, खाली...”

“जावा तुम्ही मावशी,” मी तोंड फिरवून म्हटलं. “मला काम आहे.”

ती म्हशींमागे गेली. साडेपाचला मी डबा उघडला आणि दोघांचं जेवण एकटीने जेवले. रागाने जेवले. दिवस मावळताना घाट चढून शेवटची एस.टी. पकडली.

सोमवारी तो विभागात आला. मोजणीची वही सरांच्या टेबलावर ठेवली, सह्या केल्या आणि कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर आला. डोळे लाल होते. मला वाटलं, जागरण असेल. मला वाटलं, असू दे.

“येतो मी,” तो म्हणाला.

“ये.”

तो उभा राहिला. मीही उभी राहिले. एक प्रश्न, कुणीही विचारला असता, ‘काल काय झालं?’ तीन शब्द. त्याने विचारायचं नाही असा शब्द दिला होता आणि मेल्याने नेमका तेव्हाच शब्द पाळला. माझी गोष्ट निराळी. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. मी फक्त चिडलेली होते.

सरांनी त्याची वही माझ्याकडे दिली. “शेडबाळे, दोन्ही अर्धे जोडून एक चित्र काढा. आठवडाभरात हवंय.” मी ती होस्टेलच्या ट्रंकेत, हिवाळी कपड्यांच्या खाली घातली. आठवडा गेला. सरांनी विचारलं, “जोडणी झाली का?” मी म्हटलं, ताप होता. दुसराही आठवडा गेला. सोळाव्या दिवशी सर विभागात सगळ्यांदेखत म्हणाले, “सह्याद्री ओतायला एवढा वेळ लागला नसेल.” तेव्हा कुठे मी ट्रंक उघडली.

आमच्या कामात अशी रीत असते की दोन जणांनी दोन टोकांकडून मोजलं की मधला एक थर दोघांनीही मोजायचा. दोन्ही आकडे जुळले की जोडणी बरोबर. मी माझं शेवटचं पान उघडलं, लाल थर, नव्वद सेंटिमीटर. त्याचं शेवटचं पान उघडलं. लाल थर पाच, पस्तीस सेंटिमीटर.

असं होत नाही. एकच थर दोन हातांच्या अंतरात पस्तीस आणि नव्वद होत नाही. मी पान नीट वाचलं. कांबळीला प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची सवय होती.

एक चाळीस, पस्तीस सेंटिमीटर. दोन वीस, पस्तीस सेंटिमीटर. तीन, पस्तीस. तीन पंचवीस, पस्तीस. चार, चार दहा, चार वीस. पाचच्या पुढे त्याने दर पाच मिनिटांनी तोच थर मोजला होता. शेवटची नोंद सहा पंचवीसची. पस्तीस सेंटिमीटर.

तो आला होता. माझ्याआधी नाही, माझ्यानंतर अर्ध्या तासाने, पण आला होता आणि दिवस मावळून अंधारू लागेपर्यंत तिथेच होता. आमचे लाल थर आठ नव्हते, नऊ होते. समोरच्या डोंगरावरून एक दिसलाच नव्हता, कारवीच्या झाडीआड असेल. त्याचा खालून पाचवा खरोखर पाचवा होता. माझा वरून चौथा होता सहावा. आमच्या मध्ये काळ्या दगडाचा एक थर होता, दोघांनीही न मोजलेला.

पण मी भूशास्त्राची विद्यार्थिनी. वहीवर विश्वास ठेवून चालत नाही, जागेवर जाऊन बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने पाथरे, तिथून घाट. माझ्या थरापाशी पोहोचले, घड्याळ बघितलं आणि खाली उतरायला लागले. वळण, उतरण, पुन्हा वळण. खालच्या लाल थरापाशी पोहोचायला मला अकरा मिनिटं लागली. थराच्या कडेला टेप लावून लावून एक जागा घासून गुळगुळीत झाली होती.

म्हशीवाली मावशी खालूनच येत होती. या वेळी मी तिची वाट अडवून उभी राहिले.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?”

तिने मला ओळखलं. “ह्ये न्हवं का, हितं बी एक बसला हुता, तुझ्यावानीच. त्यालाबी इचारलं, कुनाची वाट बगतुयास. त्यो बी म्हनला, कुनाची न्हाई, दगड मोजतुया. मला वाटलं, तुमा दगड मोजनाऱ्यांची जातच तशी आसंल.”

परत फिरून उपयोग नव्हता. पत्र लिहायचं तर आसामचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि सरांकडे मागायचा तर सगळ्या विभागात बोभाटा. मी तशीच घाट उतरले, कोंडसरहून मिळेल ती एस.टी. पकडली, एक गाडी बदलली आणि साडेचारला मालवणला पोहोचले. वाटेत मी मनातल्या मनात पत्र लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच ठरलं: ‘थर नऊ आहेत. मी आले होते. आता ये.’

घर शोधायला वेळ लागला नाही. माडांमध्ये कौलारू घर, अंगणात सुकत घातलेली जाळी. पडवीत एक उंच, सडसडीत बाई तांदूळ निवडत होती. तिचं कपाळ आणि भुवया थेट कांबळीच्या होत्या, मला सांगायला नको की ही त्याची आई.

“खंयसून इलंस गो?”

“कोल्हापूरहून, काकी. मी अच्युतबरोबर शिकते. त्याचा आसामचा पत्ता हवा होता. वहीतलं एक विचारायचंय.”

“पत्तो आसा मगे. बस. केदां ऊन लागलां तुका.” आत वळून तिने हाक मारली, “मालन, पाणी हाड गो.”

वीस-एकवीस वर्षांची एक गोल चेहऱ्याची मुलगी तांब्या आणि खटखटे लाडू घेऊन आली. माझ्या धुळीने माखलेल्या बुटांकडे बघून तिला हसू आवरेना.

“तुमी पण ह्यांच्यासारखे दगडच फोडतास?”

‘ह्यांच्यासारखे’ म्हणाली आणि लाजून तोंडाला पदर लावला. काकी हसल्या. “आमची सून. म्हणजे होतली. झिल जाताना चार दीस हयसर होतो, त्यातच साखरपुडो उरकून घेतलो. लगीन मे म्हयन्यात.”

मी लाडू हातात धरून बसले. मालन माझ्याजवळच बसली, विचारत होती, आसामात थंडी असते का, तिथे नारळ मिळतात का, तिथल्या बायका कुठली भाषा बोलतात. “ह्यांका विचारलां तर म्हणतत, थंय जावन बघ,” ती म्हणाली. मला ती आवडली. न आवडायला मी खूप प्रयत्न केला. मग शेजारच्या घरातून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती मुरकत गेली.

काकींनी सूप बाजूला ठेवलं.

“माका एक सांग. तुमी ता दगडात नेमका बघतास काय? झिलान धा वेळा सांगल्यान, पण माका काय कळाक नाय.”

मला बोलता येत होतं याचंच नवल वाटलं. “काळाचे भाग पाडतो, काकी. पृथ्वीचं वय इतकं आहे की एकदम धरता येत नाही. म्हणून त्याचे महाकल्प करायचे, महाकल्पांचे कल्प, त्यांची युगं. एक मोठा काळ संपून दुसरा सुरू झाला, तो नेमका आपल्या या काळ्या दगडांच्याच दिवसांत.”

“आणि संपलो म्हणान कसां कळता?”

“संपलेला शोधत नाही आम्ही. नवा कुठे सुरू झाला तेवढंच बघतो. नव्या थराचा तळ सापडला की तिथे खूण करायची. जुना तिथे संपला असं आपोआप ठरतं.”

“म्हणजे जुन्याचा संपणां कोण बघणा नाय,” काकी म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या.

“राग मानू नको हां. एक चेडू येवचां होतां त्या आयतवारी, घाटात. इलां नाय म्हणान झिल दोन दीस जेवलो नाय. तिसऱ्या दिसा माका म्हणता, आये, तू बोलतंस त्या मालनीक हो सांग. ता चेडू तूच मां?”

एवढ्या लांबून, एकटी, धुळीत लोळल्यासारखी पत्ता मागायला आलेली पोर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी मान हलवली.

“मगे खरां सांग माका. तू इल्लंस त्या दिसा?”

मला माहीत होतं, मी ‘हो’ म्हटलं की ही बाई आज संध्याकाळी मालनच्या घरी जाऊन साखरपुडा मोडून येईल. तशीच होती ती, डोळ्यांतच दिसत होतं. उद्या तार जाईल आणि आठवड्याभरात तो दारात उभा असेल. मला तेच हवं होतं. त्याच्यासाठी मी घाट उतरून आले होते. त्याच्याशिवाय दुसरं काही मला हवंच नव्हतं, तेव्हाही आणि पुढे कधीही. शेजारच्या अंगणात मालन कुणाला तरी हसत सांगत होती, पावण्या बाईचे बूट बघ जा, बाप्याचे आसत. चार माणसांत पेढे वाटले गेले होते तिच्या नावाने. आणि तिचं काय चुकलं होतं? मोजायला आम्ही चुकलो होतो.

“नाही, काकी,” मी म्हटलं. “नाही आले.”

“कित्याक गो?”

“घरचे तयार नव्हते.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरखरीत हात होता, तो हलेना. “बरां केलंस सांगलंस ता. झिलाचा मन खाता होतां. जाताना माका म्हणता, आये, माझीच मोजणी तर चुकली नसात? ता चेडू वर, मी खाली, असां तर झालां नसात? आता कळवतंय तेका, बाबा, तुझा काय एक चुकलां नाय.”

म्हणजे त्याला शंका आली होती. आली होती आणि शब्द दिला म्हणून त्याने ती गिळली होती.

“कळवा,” मी म्हटलं. “त्याची मोजणी बरोबरच होती.”

त्या रात्री काकींनी मला जाऊ दिलं नाही. सकाळी निघताना पत्त्याचा कागद हातात दिला. मी तो घेतला, नको म्हणणं विचित्र दिसलं असतं.

प्रबंध पुरा व्हायला दोन वर्षं लागली. मधला न मोजलेला दगड मी स्वतः मोजला, एकेचाळीस मीटर भरला. त्याच्या आईशी खोटं बोलता आलं, कड्याशी कसं बोलणार? प्रबंधात लाल थर नऊ दाखवले, दोघांच्या वह्यांची पानं शेवटी जोडली आणि मोजणी करणाऱ्यांत त्याचं नाव घातलं. काम दोघांचं होतं, तेव्हा एक प्रत त्याला पाठवणं रीतीला धरून होतं. रीतीचं नाव मी पुढे करते एवढंच. खरं म्हणजे त्याने ते चित्र पाहावं आणि त्याला कळावं, असं मला वाटत होतं. दोन वर्षं मी तेवढ्यासाठीच लिहीत होते.

दीड महिन्याने आसामहून कार्ड आलं.

‘प्रत मिळाली. थर नऊ आहेत हे पाहिलं. तुझं शेवटचं पान आणि माझं शेवटचं पान शेजारी ठेवून पाहिलं. मालन मजेत आहे. श्रावणात मुलगी झाली. अच्युत.’

खाली जागा भरपूर मोकळी होती, पण त्याने काही विचारलं नव्हतं. मी उत्तर लिहायला तीनदा बसले. चाळीस वर्षांत तसं कितीदा तरी बसले असेन. अण्णा गेले, दादाने स्थळं आणायची सोडली, मी नोकरीतून निवृत्त झाले, आणि अजूनही जानेवारीत एखाद्या दुपारी वाटतं की आत्ता उठावं आणि अकरा मिनिटं खाली उतरून जावं.